अण्णांच्या पुस्तकांचा वास, आणि तुमच्याही

आगरातली

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आमचं कोकणातलं घर आवरलं. दोन वर्षं बंदच होतं. माडीवरच्या खोलीत आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, फणसाच्या लाकडाचं कपाट आहे. त्यातली पुस्तकं पुण्याला आणायची जबाबदारी माझ्यावर आली. कपाटाचं दार ओढलं आणि एकाही पुस्तकाला हात न लावता मी तिथेच जमिनीवर बसले. फणसाचं लाकूड, खालच्या चुलीचा वर्षानुवर्षं वर येत राहिलेला धूर, पावसाळ्यात भिंतीला धरणारी ओल, आणि या सगळ्याखाली जुन्या कागदाचा तो गोडसर वास. लहानपणी दुपारी सगळी झोपली की मी याच कपाटापाशी येऊन बसायचे. वाचता येत नव्हतं तेव्हाही.

मला पुस्तकांचा वास घ्यायची सवय तेव्हापासूनची. पुस्तक मधोमध उघडायचं, दोन पानांच्या खाचेत नाक घालायचं आणि मग अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडायची. वारा येतो तोंडावर. दुकानात नवं पुस्तक घेताना आधी हेच करते. माझं असं ठाम मत आहे की ज्या पुस्तकाला वासच नाही ते अजून कोणाचं झालेलं नाही.

आता अडचण सांगते. नऊ खोकी पुण्यात आणून काचेच्या दारांच्या कपाटात लावली. पहिले आठ दिवस खोलीत शिरलं की माडीवर गेल्यासारखं वाटायचं. आता दीड महिना झाला, आणि वास जवळजवळ गेलाय. मला खरंच वाईट वाटतंय. हा वास टिकवता येतो का?

दुसरं असं की एका पुस्तकाला वेगळाच वास आहे. घरगुती औषधांचं पुस्तक आहे, पहिली आठ पानं आणि मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे नावही माहीत नाही. त्याच्या मधल्या पानांना तिखटसर, कोरडा, नाकाच्या शेंड्याला टोचणारा वास येतो. मसाल्याचा नाही, डांबरगोळीचा नाही. कोणाला काही अंदाज?

आणि तुमच्या पुस्तकांचे वास लिहा. सगळे लिहा.

पाटी_पेन्सिल

माझ्यासाठी पुस्तकाचा वास म्हणजे जूनचा दुसरा आठवडा. बाबा कामावरून येताना बालभारतीचा संच आणायचे, सुतळीने बांधलेला. सुतळी सोडायचा मान माझा आणि पहिला वास घ्यायचा मान धाकट्या बहिणीचा, अशी वाटणी होती. भाषेच्या पुस्तकात रंगीत चित्रं असायची म्हणून त्याचा वास जास्त ओला, गणिताचा कोरडा. पुस्तकात आतल्या बाजूला ‘कागद : ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह’ असं छापलेलं असतं ना, मला कितीतरी वर्षं वाटायचं की क्रीमवोव्ह हे त्या वासाचंच नाव आहे. बहिणीला मी तसं शिकवलंसुद्धा होतं.

मग खाकी कव्हरं, त्यांचा पोत्यासारखा वास. दप्तरात शेजारी ओला रेनकोट. ऑगस्टपर्यंत नव्या पुस्तकाचा वास संपून डब्याचा वास लागायचा. माझ्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाला लिंबाच्या लोणच्याचा वास होता, तेल सांडलं होतं पान ३२ वर. तेवढं पान आरपार दिसायचं.

मृदगंधा

ज्यांना मोठ्या भावंडांची पुस्तकं मिळायची त्यांचं काय? आम्ही तिघी बहिणी, मी शेंडेफळ. जूनमधला नवा वास मला कधी मिळालाच नाही. पण ताईच्या पुस्तकात मोरपीस, ‘विद्या’ची पानं आणि दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघायच्या. हळदीकुंकवाचा डाग असलेल्या पानाचा वास मला अजून आठवतो. तिने बकुळीची फुलं ठेवलेल्या वहीला तर पुढच्या वर्षीसुद्धा वास होता. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही.

प्रयोगवही

आगरातलीताई, मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जमेल तेवढं सांगते.

जुन्या कागदाचा गोडसर वास हा कागदाच्या झिजेचा वास आहे. कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात मुख्य दोन गोष्टी: सेल्युलोज, म्हणजे धागे, आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारा भाग. साधारण १८५० नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वाढला, आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालायला लागले. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो. हे आम्ल आणि हवेतला दमटपणा मिळून सेल्युलोजचे धागे हळूहळू तोडतात, लिग्निन पिवळं पडतं, आणि या मोडतोडीतून उडून जाणारी शेकडो संयुगं बाहेर पडतात. फरफ्युराल, त्याला भाजलेल्या पावाच्या, बदामाच्या अंगाने जाणारा वास. बेंझाल्डिहाइड, कडू बदामाचा. आणि व्हॅनिलिन. तेच, आइस्क्रीममधलं! बाजारात मिळणारं कृत्रिम व्हॅनिलिन लाकडातल्या लिग्निनपासूनही बनवतात, त्यामुळे जुनं पुस्तक आणि व्हॅनिला यांचं नातं नुसतं कल्पनेतलं नाही, रेणू एकच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मातिया स्ट्रलिच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. पुस्तकाला धक्का न लावता त्याच्या वासाची वाफ तपासायची आणि कागद कशाचा आहे, किती खराब झालाय ते ओळखायचं. म्हणजे वैद्य नाडी बघतो तसं. पुढे २०१७ मध्ये सेसिलिया बेंबिब्रे आणि स्ट्रलिच यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयातला वास नोंदवला. तिथे आलेल्यांना वासाचं वर्णन करायला शब्द दिले, तर ‘लाकडासारखा’ हा शब्द सगळ्यांनी निवडला. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात लोकांना जुन्या पुस्तकाचा वास न सांगता हुंगायला दिला तर पुष्कळांना चॉकलेट आणि कॉफी आठवली. त्यांचं म्हणणं असं की इमारती आणि चित्रं जपतो तसा वासही वारसा म्हणून जपला पाहिजे. मला हे फार पटतं.

नव्या पुस्तकाचं गणित वेगळं. तिथे छपाईच्या शाईतली तेलं, पाठीला लावलेला गरम गोंद, कागदावर केलेल्या प्रक्रिया आणि मुखपृष्ठाचं लॅमिनेशन यांचा वास असतो. ते सगळं काही महिन्यांत उडून जातं.

आता टिकवण्याबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या नाकापर्यंत जो वास पोचतो तो त्या कागदातून निघून गेलेला भाग आहे. पुस्तक हवाबंद डब्यात ठेवलंत तर वास कोंडून राहील, पण त्याबरोबर आम्लाची वाफही कोंडेल आणि कागद लवकर ठिसूळ होईल. मोकळ्या कोरड्या हवेत ठेवलंत तर पुस्तक जगेल, वास मंदावेल. दोन्ही एकदम मिळत नाही.

आगरातली

प्रयोगवही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. म्हणजे मी लहानपणी जे हुंगत बसायचे ते पुस्तकंच होती, थोडी थोडी. आता कपाट उघडताना हात जरा हलका पडतोय.

प्रयोगवही

हात आखडता घेऊ नका हो. तुम्ही हुंगलंत म्हणून जास्त निघत नाही, ते निघणारच असतं. तुम्ही तिथे असता तेव्हा ते कोणापर्यंत तरी पोचतं, इतकंच.

जुळारी

नव्या पुस्तकाचा वास मला घरातच मिळाला. वडिलांचा कराडला छापखाना होता, दोन ट्रेडल मशिनं, पुढे घर आणि मागे प्रेस. शिशाचे खिळे जुळवायची केस, तिच्यात काना-मात्रा-वेलांट्यांची आणि जोडाक्षरांची मिळून इतकी घरं की नवा जुळारी महिनाभर नुसती घरंच पाठ करायचा. छापून झालं की खिळे रॉकेलच्या बोळ्याने पुसायचे. शाईचा डबा उघडला की वर दुधासारखी साय धरलेली असायची, ती बाजूला काढून खालची शाई पाटीवर घोटायची. जवसाच्या तेलाचा जाड वास यायचा तिला.

दिवाळी अंकांचे दिवस आले की रात्रभर मशीन. खटक-खटक-खट. आम्ही मुलं छापलेले फर्मे वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली झोपायचो. सकाळी आईच्या कुशीत गेलो की ती म्हणायची, ‘प्रेसमधून आलास.’ पहिला मराठी दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. तेव्हापासून किती घरांतल्या मुलांनी ऑक्टोबरात हा वास घेतला असेल! चकलीच्या भाजणीचा आणि ताज्या अंकाचा वास माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात आहेत.

शाईच्या वासावरून आणखी एक. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्रावर, पंचांग छापलं, तेव्हा छापील कागदाला शिवायला पुष्कळ लोक बिचकायचे, शाईत चरबी असते म्हणून. त्यावर तोडगा म्हणून तुपाची शाई करून पोथ्या छापल्या, असं सांगतात. वडील ही गोष्ट दर दसऱ्याला मशीनची पूजा करताना सांगायचे. तुपाच्या शाईच्या पोथीला कसला वास येत असेल, हे मला फार जाणून घ्यायचंय.

ताई, तुमच्या त्या पुस्तकाची बांधणी जुनी असेल तर पाठीला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, असेल. ओल लागली की सरसाला उग्र वास येतो. पण तो पाठीला यायला हवा, पानांना नाही.

निवृत्त ग्रंथपाल

चौतीस वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयात काम केलं. या विषयावर मला बोलायला कधी कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून जरा लांबण लागेल.

आमच्याकडे बाइंडिंगचं काम वाचनालयातच चाले. मैद्याची खळ शिजवायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, नाहीतर कसर आणि झुरळं खळीसाठी पुठ्ठा कुरतडतात. निळसर छटा यायची खळीला. शिजत्या खळीचा वास उपासाच्या दिवशीसुद्धा पोटात कालवाकालव करायचा, आणि मोरचुदामुळे जीभ लावायची सोय नाही!

पण मला सांगायचंय ते परत आलेल्या पुस्तकांबद्दल. काउंटरवर पुस्तक आलं की मी तारीख बघायच्या आधी ते कुठल्या घरातून आलंय ते कळायचं. एका मास्तरांकडून आलेल्या पुस्तकाला कायम उदबत्तीचा वास. ते पूजा झाल्यावर तिथेच पाटावर बसून वाचत. एक बाई होत्या, खानावळ चालवायच्या, त्यांच्या पुस्तकांना फोडणीचा वास आणि बोटांच्या पिठाचे ठसे. बिडीचा वास येणारे तिघे होते आणि तिन्ही वास मला वेगळे कळत. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी आईच्या कार्डावर पुस्तकं न्यायची, ती परत यायची तेव्हा त्यांना शेक-शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास. तीन महिन्यांनी तो थांबला तेव्हा कळलं, गेली सासरी.

नियमाप्रमाणे हे सगळे वास म्हणजे पुस्तकाची हेळसांड. पण मी कोणाला दंड केला नाही. डाग पडला तर बोललो, वासाबद्दल कधीच नाही. फिरतं पुस्तक असतं ते, चार घरचं पाणी प्यालेलं असणारच.

आगरातलीताई, तुमच्या पुस्तकात वेखंड असू शकेल. जुने लोक किडीसाठी वेखंडाची पूड किंवा कांडी पुस्तकांत ठेवत. वास तिखटसर असतो.

आगरातली

काका, वेखंड आजीच्या बटव्यात होतं, बाळाला उगाळून द्यायचं. तो वास मला येतो ओळखू. हा तो नाही. पण तुमच्या मास्तरांची आणि खानावळवाल्या बाईंची गोष्ट मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

मेलबर्नहून

इथे दर वर्षी नोव्हेंबरात दिवाळी अंकांचं खोकं येतं. कात्रीने चिकटपट्टी कापते त्या क्षणी मुलं पण धावत येतात. त्यांना मराठी वाचता येत नाही अजून नीट. पण वासाला ‘आजीच्या घरचा वास’ म्हणतात.

डोंबिवलीकर

सोव्हिएत पुस्तकं कोणाच्याच डोक्यात कशी नाहीत अजून? मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं! लोकवाङ्मय गृह या प्रकाशनाच्या प्रदर्शनात मिळायची, जाड पुठ्ठ्याची आणि किंमत अगदी खिशाला परवडणारी. त्यांचा वास दुसऱ्या कशालाच नाही. थोडा औषधी, थोडा लाकडाच्या भुशाचा, आणि थंड. थंड वास असतो का म्हणाल, तर असतो, ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल. बर्फ, बर्चची झाडं, रशियन गोष्टींतल्या भल्यामोठ्या, बंदिस्त चुलीवर झोपणारे आजोबा हे सगळं मी डोंबिवलीच्या चाळीत त्या वासातूनच ओळखत होतो. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, पुस्तकं यायची थांबली. माझ्याकडे चार शिल्लक आहेत. मुलाला एक वाचायला दिलं, त्याने आधी हुंगलं. बरं वाटलं.

ओपीडी

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, गोडसर जुना वास आणि कुबट वास या वेगळ्या गोष्टी आहेत. कुबट, ओल्या फडक्यासारखा वास म्हणजे बुरशी. कोकणात, गोव्यात, मुंबईतही हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते. पानांवर पांढुरकी पूड किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले तर त्या पुस्तकात नाक घालू नका. दमेकऱ्यांनी तर मुळीच नको. असं पुस्तक आधी वेगळं ठेवा, मास्क लावून, मोकळ्या हवेत मऊ कोरड्या ब्रशने झाडा. तळपत्या उन्हात नको, सावलीच्या वाऱ्यात वाळवा.

दोन, आगरातली, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. वास खरंच गेलाय याची खात्री केलीत का? नाक सरावतं. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. तुम्ही त्या खोलीत रोज बसताय. चार दिवस बाहेरगावी जाऊन या आणि दार उघडल्याबरोबर बघा. किंवा त्या घरात वावरलेल्या, पण पुण्याच्या खोलीत न आलेल्या कोणाला तरी बोलवा.

कृष्णाकाठ

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या तळमजल्यात माणूसभर होतं. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर पुस्तकांचं कपाट उघडेना. पुस्तकं फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की दार फोडावं लागलं. त्याचा वास मी लिहिणार नाही. गाळ, गटार, डिझेल आणि त्यातून मधेच कागद.

पुष्कळ पुस्तकं ट्रॅक्टरमध्ये टाकली. तीसेक ठेवली. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, नंतर कळलं की भिजलेली पुस्तकं दोन दिवसांच्या आत गोठवून ठेवली तर बुरशी थांबते आणि मग सवडीने वाळवता येतात. फ्लोरेन्सला १९६६ साली पूर आला होता, त्यातली पुस्तकं वाचवताना जगभरचे लोक पुष्कळ शिकले म्हणे. इथे लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोग होईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये, उघडायचा प्रयत्न न करता.

जी तीस वाचली त्यांना अजून गाळाचा वास आहे. पहिली दोन वर्षं मी ती उघडली नाहीत. आता उघडते. कृष्णेच्या गाळाचाच वास आहे तो, घाटावर लहानपणी पाय रुतायचे तोच. त्यातलं आईचं रुखवताच्या भरतकामाचं पुस्तक मी गेल्या महिन्यात लेकीला दिलं, आहे तसं.

पाटी_पेन्सिल

कृष्णाकाठ, काय लिहू कळत नाही. तीस राहिली हे फार झालं.

पोथीवाला

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हस्तलिखित पोथ्या आहेत, लाल रुमालात बांधलेल्या. त्यांचा वास मात्र या व्हॅनिलाच्या वर्णनात बसत नाही. प्रयोगवहींचा प्रतिसाद वाचून कारण लक्षात आलं. तो कागद लाकडाचा नाहीच. जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद चिंध्या, ताग, दोरखंड कुटून करत, त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत. त्यात लिग्निन नगण्य. म्हणून दोन-अडीचशे वर्षांची पानं अजून लवचीक आहेत आणि माझी १९८० ची पुस्तकं हातात तुटतात.

शाई काजळीची, डिंकातली. वास येतो तो रुमालाचा, कापराचा आणि समईच्या तेलाचा. शेवटच्या पानावर लेखकाने नेहमीचा श्लोक लिहिलाय:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक सांगतं. आणि त्याच पानावर तेलाच्या थेंबाचा डाग आहे! तो थेंब माझ्या पणजोबांच्या हातून पडला, असं घरात सांगतात. रात्री समईजवळ धरून वाचत होते.

सातवा_मजला

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला आणि वास पूर्ण गेला. ताप उतरला, खोकला गेला, वास आला नाही. लोक लवंग, कापूर, कॉफी हुंगून बघतात. मी रोज सकाळी शेल्फवरचं एकच पुस्तक हुंगत होते, वडिलांनी बारावीला दिलेला शब्दकोश. काही नाही. पाटी हुंगावी तसं. एक दिवस रडलेसुद्धा, पुस्तक मांडीवर घेऊन.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी काहीतरी आलं. वास म्हणावा इतकंही नाही, धूळ आणि गोड असं काहीतरी, क्षणभर. पुन्हा घेतला तर नाही. दुपारी परत आला. अजून मला कांद्याचा वास पूर्वीसारखा येत नाही, पण तो शब्दकोश येतो. मी आता तो उशाशी ठेवते.

मृदगंधा

माझ्या सासऱ्यांना काचबिंदूने दिसेनासं झालं. पुस्तकं आता आम्ही मोबाइलवर ऐकवतो. पण जे पुस्तक ऐकायचं ते घरात असेल तर कपाटातून काढून आधी त्यांच्या हातात द्यावं लागतं. ते वास घेतात, पाठीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, ‘हं, लावा.’ परवा मी चुकून दुसरंच पुस्तक दिलं तर वास घेऊन म्हणाले, ‘हे ते नव्हे. हे लायब्ररीत भिजलेलं.’ खरंच होतं.

आगरातली

मंडळी, उशीर झाला लिहायला, पण सांगण्यासारखं घडलंय.

ओपीडींचं ऐकून मी आत्याला बोलावलं. अण्णांची सगळ्यात धाकटी मुलगी, आता ७८ वर्षांची, दादरला असते. लग्न होईपर्यंत त्याच घरात होती. तिला मी काहीच सांगितलं नाही. चहा झाला, आणि ती पाय मोकळे करायला म्हणून आतल्या खोलीत गेली. काचेचं दार अर्धं उघडंच होतं. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. तिने आतूनच हाक मारली, ‘अगो, माडीचा वास कसा येतो इथे?’

म्हणजे वास आहे. माझंच नाक सरावलेलं.

मग मी तिच्या हातात ते औषधांचं पुस्तक दिलं. तिने मधलं पान उघडलं, वास घेतला आणि एकदम पुस्तक दूर धरून हसायलाच लागली. म्हणाली, ‘अण्णांची तपकीर!’

मी अण्णांना तपकीर ओढताना कधीच पाहिलं नव्हतं. आत्याने सांगितलं की पूर्वी फार ओढायचे. चांदीची डबी होती, पुस्तक वाचताना ती उघडीच पानावर ठेवायचे, आणि शिंक आली की आजी खालून ओरडायची. मी जन्मले त्या वर्षी माझ्या आईने तान्ह्या बाळाला त्रास होईल म्हणून विनवलं, आणि त्यांनी एका दिवसात सोडली. डबी विहिरीत टाकली असं आत्या म्हणते. घरात पुन्हा कोणी तो विषय काढला नाही, म्हणून मला कधी कळलंच नाही.

रात्री टेबलाचा दिवा जवळ घेऊन भिंगाने बघितलं. ‘पडसे व डोकेदुखी’ या प्रकरणाच्या दोन पानांमधल्या खाचेत, शिलाईच्या दोऱ्याशी, बारीक तपकिरी कण आहेत. प्रयोगवही, बाकीची पुस्तकं मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोकळ्या हवेत, भिंतीपासून चार बोटं पुढे लावली आहेत. हे एक तेवढं झाडलेलं नाही. आत्या पुढच्या महिन्यात परत येणार आहे, तिला ते आणखी एकदा हवंय.